टाकाऊ वस्तू आणि कलादृष्टी

वाळकी डहाळी, झाडाची साल, गळालेले पान यांतून साकारलेल्या आकृतीस कलाकृती म्हणावे काय? मध्य प्रदेशातील मराठी रसिकांस हा प्रश्न इंदूरच्या विष्णु चिंचाळकरांनी (१९१७–२०००) घातला. देवळालीकरांनी १९२७ मध्ये इंदुरात स्थापिलेल्या ज्या कलाशाळेत बेंद्रे व हुसेन शिकले, तिचेच चिंचाळकर विद्यार्थी. व्यक्तिचित्रण व निसर्गचित्रण त्यांस उत्तम साधले होते. तेव्हा कुंचला वश होईना म्हणून ते पालापाचोळ्याकडे वळले, असा आक्षेप संभवत नाही.

दुसरा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. निसर्गाने घडविलेली वस्तू उचलून ठेवण्यात कलावंताची कर्तबगारी ती कोणती? आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात कोरलेल्या भव्य जैन मूर्तींत छिन्नीचे कष्ट पदोपदी जाणवतात. चिंचाळकरांच्या डहाळीत ते कोठे आहेत?

उलट टोकाचे मत असे की, निवड हीच कला. चिंचाळकर जन्मले त्याच १९१७ साली मार्सेल द्युशां याने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाकडे मुतारीचे एक तयार भांडे शिल्प म्हणून पाठविले. आपल्याकडे पूजेत तांदळावर सुपारी मांडली की ती गणपती होते. परंतु ती आवाहनाने होते, आकाराने नव्हे. द्युशांचे भांडेही एका अर्थी आवाहनानेच शिल्प झाले. त्याने कलाविचारास धक्का दिला हे खरे. पण तेथे घोषणा काढून घेतली की भांडेच उरते.

चिंचाळकरांच्या डहाळीस घोषणा लागत नाही. ती किंचित वळवून, योग्य जागी टेकवून, ते थांबतात. आणि पाहणाऱ्यास तीत मान, चोच, पाठीचा बाक आपोआप दिसू लागतो. मर्ढेकरांनी सौंदर्य घटकांच्या संवाद, विरोध, समतोल अशा संबंधांत शोधले. ते संबंध येथे आहेत. त्यांचे घटक दुकानातून आणलेले नाहीत, एवढेच. कोठे थांबावे हे कळणे, ही येथील कर्तबगारी. छिन्नीचे कष्ट दिसतात, दृष्टीचे दिसत नाहीत. म्हणून ते नसतात असे नव्हे. सारांश, साहित्य कोणते यावरून कलेचा निर्णय होत नाही, आणि केवळ नाव दिल्यानेही होत नाही. एकाचे पाहणे दुसऱ्याच्या डोळ्यांत उतरले पाहिजे.

हा भेद शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावा. शाळांतून ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या स्पर्धा होतात आणि बाटलीची फुलदाणी झाली की बक्षीस मिळते. तो काटकसरीचा गुण आहे, कलेचा नव्हे. आम्हीही परीक्षक म्हणून बसलो असता वस्तू किती सफाईने चिकटविल्या हेच पाहून गुण दिले आहेत, हे येथे कबूल केले पाहिजे. एखाद्या मुलाने नुसते वाळके पान आणून ‘हा म्हातारा पाहा’ म्हटले, तर त्यास शून्य देण्यापूर्वी आपणांस तो म्हातारा दिसतो की नाही, हे आपण आधी पाहावे. दिसला, तर परीक्षा त्या मुलाची नव्हे, आपली झाली असे समजावे.