पळपुट्याची पदके

आमच्या घराण्यात शूर म्हणून कोणी झालेच नाही. मध्यरात्री स्वयंपाकघरात भांडे पडले की सौ. कुजबुजते, “अहो, जागे आहात का?” आणि मी ठामपणे “नाही” म्हणतो. त्यामुळे रद्दीच्या दुकानात हॅरी फ्लॅशमन भेटला तेव्हा मला सख्खा भाऊ भेटल्याचा आनंद झाला.

हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज लष्करी अधिकारी. जॉर्ज मॅक्डोनाल्ड फ्रेझर या लेखकाने १९६९ ते २००५ या काळात त्याच्यावर बारा पुस्तके लिहिली. फ्लॅशमन मूळचा मात्र दुसऱ्याच्या घरचा. टॉमस ह्यूजच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या १८५७ सालच्या कादंबरीत धाकट्या पोरांना छळणारा एक दांडगेश्वर आहे. दारू पिऊन आला म्हणून त्याला शाळेतून नारळ मिळतो. पुढे त्याचे काय झाले, ते ह्यूजने सांगितले नाही, फ्रेझरने सांगितले. म्हातारपणी त्याने लिहिलेल्या खऱ्या आठवणी म्हणे चहाच्या खोक्यात सापडल्या! ही थाप फ्रेझरने तळटिपा देऊन इतक्या साळसूदपणे मारली की अमेरिकेतल्या काही परीक्षणकारांना ती खरीच वाटली. तळटीप दिसली की विद्वान माणूस विरघळतोच.

पहिल्या पुस्तकात काबूलची १८४२ सालची माघार आहे. ती मात्र थाप नव्हे. जर्जर झालेल्या जनरल एल्फिन्स्टनच्या हाताखाली सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे ऐन जानेवारीत बर्फातून निघाले. आठवड्याने जलालाबादच्या वेशीशी घोड्यावरून पोचला तो एकटा डॉक्टर ब्रायडन. या प्रलयात आमच्या फ्लॅशमनची पाचावर धारण बसलेली. एका गढीत अडकल्यावर तो निशाण उचलतो, ते शत्रूच्या हवाली करून जीव वाचवायला. तेवढ्यात स्फोट होतो. सुटका करायला आलेल्यांना दिसते काय, तर निशाण कवटाळून बेशुद्ध पडलेला वीर! मग विलायतेत जयजयकार आणि प्रत्यक्ष राणीच्या हातून पदक.

इथे मी खो खो हसलो, पण फ्लॅशमनला नव्हे. हजारो माणसे गोठून मेली, तेव्हा सरकारला ताबडतोब एक वीर हवा होता. निवडायला वेळ कुणाला? जो सापडला त्याच्या छातीवर बिल्ला लावला. फ्रेझरचा विनोद खरा आहे तो इथे. तो स्वतः तरुणपणी ब्रह्मदेशात लढला होता, त्याला पदकांचे व्यवहार कळत असणार.

पण पहिल्याच पुस्तकात फ्लॅशमन एका अफगाण नर्तकीवर बलात्कार करतो आणि काहीच न घडल्यासारखा पुढची हकीकत सांगू लागतो. तिथे आमचे भाऊपण संपले. भांड्याच्या आवाजाला भिणारा मी, पण भित्रा वेगळा आणि नीच वेगळा. निर्लज्जपणे कबूल केले म्हणून पाप मिस्कील होत नाही.

१९७५ सालचे ‘फ्लॅशमन इन द ग्रेट गेम’ उघडताना तर हात अडखळला, कारण स्वारी थेट झाशीत. आपल्या लक्ष्मीबाईवरही त्याची तीच नजर! वाचताना दोनदा पुस्तक मिटले, दोनदा उघडले. लेखकाने राणीला विदूषक केलेले नाही, तिची हुशारी आणि तेज त्या नालायकालाही दिसते, म्हणून शेवटपर्यंत गेलो.

आणि सारखे आठवत राहिले वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला हा गरीब भटजी झाशीच्या वेढ्यात अडकला, लपला, पळाला, आणि ‘माझा प्रवास’मध्ये ते सारे प्रांजळपणे लिहून गेला. १९०७ साली ते छापून आले. भटजीही भ्यायलेच की! पण लपल्या जागेवरून त्यांना शेजारच्याचा आकांत ऐकू येतो. फ्लॅशमनला दिसते सगळे, बारीकसारीक तपशिलासकट दिसते. ऐकू येते ते फक्त स्वतःच्या छातीचे धडधडणे.

तरी एक जागा मी आजही काढून वाचतो. सत्तावन्नची सगळी कत्तल पाहून, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून, स्वारी सहीसलामत सुटते. आणि नेमके तेव्हाच हाती पडते ह्यूजचे नवे कोरे पुस्तक! शाळेतले आपले प्रताप छापून आलेले पाहून गडी असा काही चवताळतो, की कानपुरातही त्याचे रक्त एवढे तापले नव्हते.