'विकल्प' : एका लहान महोत्सवाचें मोल

कृति चांगली कीं वाईट, हें ठरविण्यापूर्वीं ती दृष्टीस पडावी लागते. इतकी साधी गोष्ट पटविण्यासाठीं मुंबईंत २००४ सालीं एक महोत्सव भरवावा लागला. सरकारी आंतरराष्ट्रीय महोत्सवानें केवळ भारतीय अनुबोधपटांसाठीं सेन्सॉरच्या दाखल्याची अट घातली. निर्मात्यांच्या एकजुटीपुढें ती मागें घेतली गेली. परंतु निवडीच्या चाळणींत कित्येक चित्रपट गळाले. तेव्हां निर्मात्यांनीं भूपेश गुप्ता भवनांत 'विकल्प' हा स्वतःचा महोत्सव भरविला.

नाकारला गेला एवढ्यानेंच चित्रपट श्रेष्ठ ठरतो, असें आम्ही मानीत नाहीं. हौतात्म्य हा कलागुण नव्हे. परंतु गुजरातेंतील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' सरकारी महोत्सवानें नाकारला आणि त्याच वर्षीं बर्लिन येथें तो गौरविला गेला. दोन्ही परीक्षकांपैकीं चुकलें कोणाचें? याचा निवाडा प्रेक्षकानेंच करावयाचा. आणि न पाहतां निवाडा करणें हा अन्यायच होय. 'विकल्पा'नें तो चित्रपट दाखविला, निवाडा आम्हां प्रेक्षकांवर सोपविला. लहान महोत्सवाकडून याहून अधिक आम्ही मागत नाहीं. मोठ्यानें मात्र निदान एवढें तरी करावें.