साखर नसलेले पाहुणे : मुंबईचे ज्यू निर्वासित आणि आपली वारशाची कल्पना



पडघ्यात येऊन मुंबईच्या ज्यू निर्वासितांवर बोलायचं, हे काहींना जरा विचित्र वाटलं असेल. आम्हाला तसं वाटत नाही. भिवंडी एकेकाळी खाडीवरचं बंदर होतं. मागाचा धंदा इथे वाढला त्यात 1857 नंतर उत्तरेतून दडपशाहीला भिऊन निघालेले विणकर होते, असं सांगतात. म्हणजे पळून आलेल्या माणसांचा विषय या तालुक्याला परका नाही. आज बोलायचं आहे ते मुंबई अशा माणसांची आठवण कशी काढते यावर. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. ही आठवण काढण्याची रीत आम्हाला पटत नाही.

रीत कशी आहे ते बघा. हल्ली वारसा फेऱ्या निघतात. काळा घोड्यापासून सुरुवात होते, डेव्हिड ससून ग्रंथालय दाखवतात, मग 1884 चं केनेसेथ एलियाहू हे निळं सिनेगॉग. 2019 मध्ये त्याची दुरुस्ती होऊन ते पुन्हा झळाळलं, आणि खरोखर बघण्यासारखं झालं आहे. मग भायखळ्याचं मागेन डेव्हिड, कुलाब्याचा ससून डॉक. शेवटी सांगणारा दोन वाक्यं म्हणतो : भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, आणि या लोकांनी मुंबईला किती दिलं पाहा. लोक टाळ्या वाजवतात. पहिल्या वाक्याने आपला गौरव होतो आणि दुसऱ्याने त्यांचा. सगळे खूश.

यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पारशी संजाणला उतरले, राजाने काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला, आणि त्यांच्या धर्मगुरूने त्यात साखर घालून परत केला. गोड गोष्ट आहे, आम्हीही नातवंडांना सांगतो. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला खोड असते, तो विचारतो : साखर नसती तर? एखाद्याकडे पेल्यात घालायला काहीच नसेल, तो फक्त घाबरलेला, भुकेला आणि म्हातारा असेल, तर राजाने काय केलं असतं? गोष्ट याचं उत्तर देत नाही. मुंबईची वारसा फेरीही देत नाही.

ससूनचंच घ्या. पुण्यातल्या इस्पितळामुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी आहे. डेव्हिड ससून बगदादमधून दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून निघाला, बुशेहरमार्गे 1832 च्या सुमारास मुंबईत आला. म्हणजे हा खराखुरा निर्वासित. पुढे त्याने आणि मुलांनी कापूस आणि अफूच्या व्यापारात अमाप पैसा केला. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची. तिथल्या घरांची राखरांगोळी करणाऱ्या त्या मालातून आपली ग्रंथालयं आणि इस्पितळं उभी राहिली. फेरीत ‘व्यापार’ एवढाच शब्द येतो. आम्ही ससूनला शिव्या घालायला उभे नाही, त्या धंद्यात मुंबईतले इतर शेटजीही होते. मुद्दा एवढाच की निर्वासिताला दात्याचा पुतळा करून ठेवला, की त्याचं निर्वासित असणंही जातं आणि त्याच्या पैशाचा हिशेबही.

बेने इस्रायलांचं याच्या उलट. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज छळापासून पळाले, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. मग हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर, बोली मराठी. 1796 मध्ये समाजी हसाजी दिवेकरांनी मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणायचे, आणि मध्य रेल्वेच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच आलं असं सांगतात. कल्याणहून लोकल पकडणारे तुमच्यातले किती जण ते नाव रोज ऐकतात! पण काळा घोड्याच्या झळाळीत ही मांडवीची गल्ली मागे पडते. घाणेवाल्याकडून शहराला दगडी इमारती मिळाल्या नाहीत ना.

आता 1933 नंतरच्या माणसांकडे येऊ, कारण खरी गडबड तिथे आहे.

हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनी, मग ऑस्ट्रिया, मग चेकोस्लोव्हाकिया, तिथले ज्यू बाहेर पडू लागले. शांघायला जवळजवळ वीस हजार पोचले, कारण त्या बंदरात उतरायला व्हिसा लागत नव्हता. भारतात सगळे मिळून हजार-दोन हजारांच्या आसपास. हा फरक का पडला? शांघायचे लोक जास्त प्रेमळ आणि आपले कमी, असं काही नाही. दार कुणी आणि कसं लावलं होतं, त्याचा हा फरक. भारतात येण्यासाठी ब्रिटिश सरकारला हमी लागत असे. नोकरी देणारा कुणी पाहिजे, नाहीतर 1934 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ज्यू रिलीफ असोसिएशनसारख्या संस्थेने जबाबदारी घ्यायला हवी, म्हणजे हा माणूस सरकारच्या गळ्यात पडणार नाही. थोडक्यात, पेला परत पाठवताना साखर आहे का हे धक्क्यावरच तपासत होते. गंमत अशी की 1937-38 या काळात मुंबईच्या महापौरपदी एक बेने इस्रायल गृहस्थ होते, डॉ. एलिजा मोझेस. महालक्ष्मीचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. शहराचा पहिला नागरिक ज्यू, आणि त्याच शहराच्या बंदरावर ज्यूंची कागदपत्रं उलटीपालटी करून पाहिली जात होती. मोझेस यांचा यात काही दोष नाही. व्हिसा देणं त्यांच्या हातात नव्हतंच.

म्हणून ‘भारताने आसरा दिला’ हे वाक्य आम्ही जरा अडखळत म्हणतो. भारताने म्हणजे कुणी? सरकार ब्रिटिशांचं होतं. नेहरूंसारखे काही नेते ज्यू तज्ज्ञांना येऊ द्या म्हणत होते, तर इथले काही डॉक्टर परदेशी डॉक्टरांच्या स्पर्धेला भीत होते. आलेल्यांपैकीही सगळे काही भारताच्या ओढीने आले नव्हते. वॉल्टर कौफमन हा संगीतकार 1934 मध्ये मुंबईत आला, कारण इथला व्हिसा सहज मिळण्यासारखा होता. हे त्यानेच सांगून ठेवलं आहे. हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला त्यातलं काही कळेना. पण गडी हट्टी, ऐकत राहिला. पुढे 1937 पासून 1946 पर्यंत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला, आणि पहाटे रेडिओ लावला की जी धून वाजायची, ती ज्यावर आमची अख्खी पिढी चहाला बसली, तिचं श्रेय सर्वसाधारणपणे त्यालाच देतात.

या धुनेची गोष्ट हल्ली फार सांगितली जाते. तशीच चित्रकारांची. रूडी फॉन लायडन हा भूगर्भशास्त्र शिकलेला तरुण 1933 मध्ये आला आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कलासमीक्षक झाला. व्हिएन्नाचा वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू बायकोसह 1938 मध्ये आला आणि त्याच दैनिकाचा कलासंचालक झाला. इमॅन्युएल श्लेसिंगरने औषधांचा कारखाना काढला आणि तरुण चित्रकारांची चित्रं विकत घेतली. या तिघांच्या पाठबळाने 1947 च्या प्रोग्रेसिव्ह गटाला, म्हणजे सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांना, उभारी मिळाली. मोटारी धुणाऱ्या आराची कला लायडनच्या नजरेत भरली, ही तर सुंदरच गोष्ट. हे सगळं खरं आहे. पण या आठवणींवर समीक्षक म्हणून आमचा आक्षेप असा की त्या नेहमी ‘त्यांनी आपल्याला काय दिलं’ इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. हन्ना आरेन्ट स्वतः निर्वासित होती. तिने 1943 मध्ये ‘आम्ही निर्वासित’ नावाचा निबंध लिहिला. नव्या देशात सतत आनंदी, उपयोगी आणि कृतज्ञ दिसण्याची जी सक्ती निर्वासितावर असते, तिच्यावर तो आहे. आपली वारशाची भाषा तीच सक्ती मेलेल्या माणसांवरही करते.

आणि काय वगळते? सप्टेंबर 1939. युद्ध जाहीर झालं आणि ब्रिटिशांनी भारतातल्या जर्मन नागरिकांना ‘शत्रूदेशीय’ म्हणून उचललं. नाझी आणि नाझींपासून पळालेले, दोघांनाही. अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत हे एकत्र कोंडले गेले. पुढे एका समितीने चौकशी करून अनेकांना सोडलं, मग 1940 मध्ये पुन्हा धरपकड झाली, काहींना पुरंदरच्या किल्ल्यावर, काहींना साताऱ्याला नजरेखाली ठेवलं. शिवछत्रपतींचा पुरंदर आपण शाळेच्या सहलीत पाहतो. तिथे यातलं काही कुणी सांगितल्याचं आम्हाला आठवत नाही.

याच धरपकडीत मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा दिग्दर्शक फ्रांत्स ओस्टेन सापडला. ‘अछूत कन्या’ 1936 सालचा, त्याच वर्षी हा माणूस नाझी पक्षाचा सभासद झाला होता. अस्पृश्यतेवरचा चित्रपट करणारा नाझी! आणि हाइनरिश हारर, तो गिर्यारोहक, एसएसचा सभासद, त्यालाही आधी अहमदनगरला आणि मग देवळालीला आणलं. इथून पुढे कसारा घाट चढलात की तेच देवळाली. म्हणजे बर्लिनहून कसाबसा जीव वाचवून आलेला ज्यू सकाळी ज्याच्या रांगेत थाळी घेऊन उभा राहायचा, तो कदाचित त्याच्याच छळकर्त्यांच्या पक्षाचा असायचा.

कांटने 1795 मध्ये शाश्वत शांततेवर लिहिताना आतिथ्याची व्याख्या केली आहे. परक्या भूमीवर पाय ठेवल्याबरोबर शत्रू म्हणून वागवलं न जाण्याचा हक्क, इतकीच. तो म्हणतो, हा दयेचा विषय नाही, हक्काचा आहे. कायमचं राहण्याचा हक्क कांट देत नाही, जेवायला वाढा असंही म्हणत नाही. इतकी किमान मागणी! आणि ‘शत्रूदेशीय’ हा शिक्का नेमका तीच मोडतो. छळ झाला नाही हे वाक्य खरं असेल, पण त्याने या शिक्क्याचं काय करायचं हे सुटत नाही. जुन्या काळची ही बाब म्हणून सोडायचीही सोय नाही. 2020 च्या मे महिन्यात याच मुंबई-नाशिक रस्त्याने माणसं पोरांना खांद्यावर घेऊन चालत गेली, ती पडघ्यातल्या लोकांनी पाहिली, पाणी आणि जेवणही दिलं. ते काही निर्वासित नव्हते, याच देशाचे नागरिक होते. पण काम थांबलं, म्हणजे साखर संपली, की शहर कसं वागतं ते तेव्हा दिसलं.

मग वारसा कुणाचा आठवायचा? आम्ही एका बाईचं नाव घेतो. माग्दा नाखमन. जन्म 1889, सेंट पीटर्सबर्ग. वडील ज्यू घराण्यातले. लेओन बाक्स्टच्या हाताखाली चित्रकला शिकली, मारिना त्स्वेतायेवाचं व्यक्तिचित्र केलं. क्रांतीनंतरच्या मॉस्कोत तिने एका मद्रासी माणसाशी लग्न केलं : एम. पी. टी. आचार्य, 1920 मध्ये ताश्कंदला कम्युनिस्ट पक्ष स्थापणाऱ्यांपैकी एक, पुढे त्यांच्यावरही नाराज झालेला अराजकवादी. दोघं बर्लिनला गेली. आचार्याला ब्रिटिशांनी स्वदेशात येऊ दिलं नव्हतं, म्हणून तो परदेशात निर्वासित. आणि हिटलर आल्यावर तिला तिथे राहता येईना, म्हणून ती त्याच्या देशात निर्वासित. एका घरात दोन हद्दपाऱ्या! तिसाव्या दशकाच्या मध्यावर दोघं मुंबईत आली. पैशाची कायम चणचण. ती व्यक्तिचित्रं करायची, व्हिएन्नाहून आलेल्या हिल्डे होल्गर या नर्तिकेच्या कार्यक्रमांसाठी पोशाख आखायची. ना कारखाना, ना धून, ना चळवळीचं श्रेय. फेब्रुवारी 1951 मध्ये मुंबईत तिचं प्रदर्शन भरायचं होतं. उद्घाटनाला काही तास उरलेले असताना ती वारली. मृत्युलेख लायडनने लिहिला. तीन वर्षांनी आचार्य गेला, तोही हलाखीत.

तिची बहुतेक चित्रं आज कुठे आहेत याचा पत्ता लागत नाही. लोकांनी घरासाठी विकत घेतलेली, भेट मिळालेली, कुणाच्या आजीचं किंवा मोलकरणीचं चित्र म्हणून भिंतीवर लावलेली. वाळकेश्वरच्या नाहीतर दादरच्या एखाद्या जुन्या फ्लॅटात, सही न वाचता आल्यामुळे, त्यातलं एखादं अजून टांगलेलं असेलही. तुमच्यातल्या कुणाचे नातेवाईक तिकडे राहत असतील तर दिवाळीला गेल्यावर भिंतीवरच्या चित्राची सही जरा जवळ जाऊन बघा, आणि काही सापडलं तर आम्हाला कळवा.