अंगठ्याची साक्ष

यंत्र अंगठा ओळखू लागले की हजेरीतील लबाडी थांबेल आणि चोरही सापडतील, असे सांगितले जाते. पहिला दावा निम्मा खरा आहे. दुसऱ्याच्या नावावर मस्टर भरणे अवघड होते. पण विटा, सिमेंट किंवा डोंबिवली एमआयडीसीतील रसायने हाताळणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात. यंत्र त्यांना ओळखत नाही आणि खाडा पडतो. मुकादमाशी निदान वाद घालता येत होता!

दुसरा दावा आपण गणिताने तपासू. समजा, लाखात एकदाच चुकीची जुळणी होते. हजेरीच्या वेळी ठसा एकाच नोंदीशी ताडला तर ही चूक नगण्य ठरते. पण घटनास्थळी मिळालेला ठसा सर्व नागरिकांच्या नोंदींशी ताडला तर? २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख व कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लाख. म्हणजे सुमारे ३० निरपराध संशयित!

यंत्र फक्त शक्यता सांगते. म्हणून खाडा मांडण्याआधी आणि संशय घेण्याआधी माणसाने पडताळणी केलीच पाहिजे, असे आम्हाला वाटते. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे.