भाषा जमली म्हणजे नातं जमलं का? ‘ख्रिस्तपुराण’ आणि आपलं फील्डवर्क

फील्डवर्कला निघताना सगळे एकच सल्ला देतात: लोकांच्या भाषेत बोला, नातं जोडा. पैठण तालुक्यात मातीचे नमुने घेताना मीही तेच केलं. माहिती भरपूर मिळाली, आणि ‘शेतकऱ्यांशी चांगलं नातं जुळलं’ असं मी अहवालात लिहून टाकलं. हा निष्कर्ष किती कच्चा होता, ते मला एका जुन्या पुराणाने दाखवलं.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही अस्सल मराठी वळणाच्या. त्यात स्वर्गाला चक्क ‘वैकुंठ’ म्हटलंय. काव्य म्हणून ग्रंथ थोरच आहे. पण त्यावरून ‘परधर्मीयांशी मैत्री कशी करावी याचा हा आदर्श’ असं म्हटलं जातं, तेव्हा जरा थांबा. पुरावा तपासा.

पहिलं, नमुना कोणता? ग्रंथ मुख्यतः नवख्रिस्ती लोकांसाठी आहे. धर्म न बदललेल्या शेजाऱ्याला पाद्री कसा वाटत होता, हे त्यातून कळत नाही.

दुसरं, परिस्थिती कोणती? साष्टीतली देवळं १५६७ मध्येच पाडली गेली होती. ग्रंथातला एक नवख्रिस्ती पाद्रीला विचारतो, की जुनी पुराणं बंद केलीत, तर आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? ही मागणी प्रेमाची की पोकळी भरण्याची? दोन्ही कारणं एकत्र मिसळली असतील, तर एकालाच श्रेय देता येत नाही.

तिसरं, समोरचा उलट बोलू शकतो का? इथे तुलनेला आपल्या पैठणचे एकनाथ घ्या. ते स्टीफन्सचे समकालीन. त्यांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघेही एकमेकांना टोचून बोलतात आणि शेवटी गळाभेट घेतात. स्टीफन्सकडे लोक शंका विचारतात, पण शेवटचा शब्द पाद्रीचाच. अर्थात, एकनाथांनीही दोन्ही बाजू स्वतःच लिहिल्या, हे विसरू नका.

मग ‘ख्रिस्तपुराण’ खोटं ठरतं का? अजिबात नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं, म्हणजे वाचणाऱ्यांना त्यात काहीतरी आपलं सापडलं होतंच. आणि तो अवघड प्रश्न स्टीफन्सने ग्रंथातच ठेवला, हा त्याचा प्रामाणिकपणा. त्याने परकी भाषा मन लावून शिकली, एवढं ग्रंथ नक्की सिद्ध करतो. मैत्री सिद्ध करत नाही.

हे वाचून मी पुन्हा त्याच गावी गेले. एका काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘ताई, आमच्या मातीचा रिपोर्ट कुठंय?’’ दीड वर्षात मी तो कोणालाच दिला नव्हता. बोलत होते त्यांच्याच भाषेत, पण नेत फक्त होते.

अहवालातलं ते वाक्य मी खोडलं. आता तिथे एवढंच आहे: ‘शेतकऱ्यांनी सहकार्य केलं.’ रिपोर्ट मात्र घरोघरी पोचवतेय. तुम्ही फील्डला जाल, तेव्हा वहीत एक रकाना आधीच आखून ठेवा: त्यांनी मला काय विचारलं?