हुंकार देणाऱ्याची जागा : पश्चिम आफ्रिकेतील मौखिक कथन, कादंबरी आणि चित्रपट

पश्चिम आफ्रिकेतील कादंबरी आणि चित्रपट यांच्या समीक्षेत मौखिक परंपरेकडे बहुधा कथावस्तूंचे कोठार म्हणून पाहिले जाते. कोणती म्हण कोणत्या कादंबरीत आली आणि कोणता वीरपुरुष पडद्यावर अवतरला, याची नोंद झाली की तुलना आटोपते. परंतु ग्रिओ, म्हणजे मांदिंग व शेजारच्या समाजांत वंशावळी, स्तुती आणि इतिहास मुखोद्गत ठेवणारा वंशपरंपरागत कथक, एकट्याने कथा सांगत नाही. त्याच्यासमोर हुंकार देणारा साथीदार आणि बिदागी देणारा यजमान असतो, आणि प्रसंगानुसार कथेचा तपशीलही पालटतो. छापील पानाला आणि पडद्याला अवघड जाते ती या श्रोत्याला जागा देण्याची गोष्ट.

गिनीतील ग्रिओ मामादू कुयाते यांच्या कथनावरून जिब्रिल तामसिर नियान यांनी 1960 मध्ये माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याचे महाकाव्य फ्रेंच गद्यात आणले. त्यामुळे ते जगभर पोहोचले, पण वाचताना ते ऐतिहासिक कादंबरीसारखेच वाटते. याउलट आमादू कुरूमा यांच्या 1998 च्या हुकूमशहाविषयक कादंबरीची रचना सहा रात्रींच्या कथनाची आहे. त्यात शिकाऱ्यांचा कथक प्रत्यक्ष हुकूमशहासमोर त्याचे चरित्र गातो आणि त्याचा साथीदार मध्येच तोंड घालून, शिव्या देत, स्तुतीचे पितळ उघडे पाडतो. शैलीपुरत्या मौखिकतेहून ही रचना कितीतरी धीट आहे.

सेनेगलचे उस्मान सेम्बेन (1923–2007) आधी कादंबरीकार होते. फ्रेंच वाचू न शकणाऱ्या बहुसंख्य देशबांधवांपर्यंत आपली पुस्तके पोहोचत नाहीत, हे जाणून ते मॉस्कोत चित्रपटकला शिकले. त्यांच्या ‘खाला’ या कादंबरीचा (1973) त्यांनीच केलेला चित्रपट (1975) या दृष्टीने उद्बोधक आहे. तिसऱ्या लग्नाच्या रात्री नपुंसकतेच्या शापाने ग्रासलेल्या व्यापाऱ्याची ही कथा पडद्यावर येताना भाषांच्या संघर्षाला कान मिळतो : मुलगी वडिलांना वोलोफ या स्थानिक भाषेत उत्तर देते, आणि व्यापारी मंडळातून हकालपट्टी होताना खुद्द वडील वोलोफमध्ये बोलू पाहतात, तेव्हा त्यांना अडवले जाते. फ्रेंचमध्ये लिहिलेल्या कादंबरीत हा विरोधाभास सांगावा लागतो. चित्रपटात तो ऐकू येतो. सेनेगलमध्ये प्रदर्शनापूर्वी चित्रपटाला कात्री लागली, यात नवल नाही.

म्हणून चित्रपट हाच ग्रिओचा खरा वारस, असे म्हणण्याचा मोह होतो. सेम्बेन स्वतःला आधुनिक ग्रिओ म्हणवीत, तेव्हा त्याला बळही मिळते. मात्र पडद्याला प्रेक्षकाचा हुंकार ऐकू येत नाही. बुर्किना फासोचे दानी कुयाते यांनी ‘केइता’ (1995) मध्ये ही उणीव कथेतच सामावून घेतली : शहरातील माबो या शाळकरी मुलाला त्याच्या नावाचा उगम सांगायला म्हातारा ग्रिओ येतो, मुलगा अभ्यास विसरतो, आई व शिक्षक चिडतात आणि कथा अर्धी टाकून ग्रिओला निघावे लागते. ग्रिओची भूमिका दिग्दर्शकाचे वडील सोतिगी कुयाते यांनी केली आहे आणि ते घराणेही ग्रिओंचेच, हा योगायोग नव्हे. पडद्याबाहेरची सोय सेम्बेन यांनी वेगळ्या मार्गाने केली होती : आपले चित्रपट घेऊन ते गावोगाव हिंडत आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांशी वाद घालत.