'सिग-११' : एका जुन्या टिपणाचे परीक्षण

लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा, म्हणजे 'कर्नल', आपल्या यंत्राला हवा तसा बांधून घेता येतो. मूळ मजकूर मोफत मिळतो. तो कंपायलरकडून यंत्रभाषेत उतरवून घ्यायचा. हे काम मध्येच थांबले की पडद्यावर चुकीची एक ओळ उमटते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. नेदरलँड्सच्या रॉजियर वोल्फ यांनी १९९० च्या दशकात लिहिलेले 'सिग-११' हे प्रश्नोत्तररूपी टिपण या विश्वासालाच हात घालते. विज्ञानशिक्षकांनी ते वाचावे असे आम्हांस वाटते, मात्र जपून.

तक्रार अशी, की कंपायलर 'सिग्नल ११' असे सांगून बंद पडतो. आपल्या वाट्याला न आलेल्या स्मृतिस्थानाला प्रोग्रॅमने हात लावला, एवढाच त्याचा अर्थ. कंपायलर बिघडला की कर्नलची आवृत्ती चुकली? वोल्फ म्हणतात, बहुधा दोन्ही नाही. यंत्राची स्मृती, कॅश, तापलेला प्रोसेसर तपासा. हे पटायला जड जाते, कारण इतर कामे तर सुरळीत चाललेली असतात. पण स्मृतीतला एक बिट उलटला तर चित्रात एखादा ठिपका रंग बदलेल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. कंपायलर मात्र स्मृतीत पत्त्यांच्या लांबच लांब साखळ्या रचतो. त्यातला एक पत्ता चुकला की तो थेट परक्या घरात शिरतो.

मग परीक्षा कशी घ्यायची? तीच आज्ञा पुन्हा द्यायची. काम दर वेळी निराळ्या जागी अडले तर संशय यंत्रावर, त्याच जागी अडले तर मजकुरावर किंवा साधनांवर. इथवर कोणीही पोहोचला असता. टिपणाचे खरे मोल पुढच्या पायरीत आहे. लिनक्स वाचलेल्या फायली रिकाम्या स्मृतीत जपून ठेवते. तिथलीच प्रत नासली असेल तर यंत्राचा दोष असूनही चूक त्याच जागी येईल! म्हणून तबकडीवरची भरपूर इतर माहिती वाचून ती प्रत हुसकावून लावा आणि मगच पुन्हा पाहा, असे वोल्फ सुचवतात. आपल्याच नियमाची पळवाट आपणच बुजवणारा लेखक विरळा. जीसीसी कंपायलरही आता काही वेळा स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो आणि चूक परत आली नाही तर यंत्राकडे बोट दाखवतो.

आमची हरकत अशी, की टिपणाचा सारा रोख एकाच गुन्हेगारावर आहे. आज कर्नल बांधताना अडणाऱ्यांना बहुतेकदा सिग-११ भेटतच नाही. फ्लेक्स, बायसन किंवा ओपन-एसएसएलच्या फायली बसवलेल्या नसतात. उबंटूची जुळणी-फाइल उचलून आणली तर तिच्यात उबंटूच्या प्रमाणपत्राचे नाव असते. ती फाइल आपल्याकडे नसते आणि मेक अडून बसतो. तिथे ट्रस्टेड कीज हा पर्याय रिकामा करावा लागतो, स्मृतिपट्ट्या काढून काहीही हाती लागत नाही. स्मृती अपुरी पडली तर प्रणालीच कंपायलरला सिग्नल ९ देऊन मारते. स्मृती तेव्हा सदोष नसते, फक्त कमी असते.

शिवाय 'निराळी जागा' ही खूणच आता सैल झाली आहे. अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरवर मेक एकाच वेळी अनेक फायली हाताळतो, त्यामुळे थांबण्याची जागा उगीचच बदलते. खरी चूकही 'एरर २' या शेवटच्या ओळीच्या बरीच वर दडलेली असते. म्हणून दुसऱ्या खेपेला एकेकच फाइल घ्यायला सांगावे आणि कोणत्या फायलीत कोणती चूक, हे ताडून पाहावे.

संगणक सुरू होताना होणारी स्मृतिचाचणी निरुपयोगी आहे, हे वोल्फ यांचे मत आम्हांस मान्य आहे. ती घाईची असते. पट्ट्या आलटून पालटून पाहण्याचा उपाय मात्र आजच्या अनेक लॅपटॉपांत करता येत नाही, कारण स्मृती मूळ फळीलाच डाग देऊन बसवलेली असते. तिथे मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवावे.